पट्ट्याचा उरलेला तुकडा

अक्का,

तुझ्या फोटोखाली त्यांनी 'प्रेमळ, मनमिळाऊ व धर्मपरायण' असं छापलं आहे. प्रेमळ ठीक आहे. मनमिळाऊ तू कधीच नव्हतीस. गावातल्या निम्म्या लोकांशी तुझं वाजलेलं होतं आणि उरलेल्यांशी वाजायचं राहून गेलं. धर्मपरायणतेचं म्हणशील, तर एकादशीच्या दिवशी गाय व्यायली की खरवसापुढे तुझा उपास टिकत नसे. फ्लेक्सवाल्याने तुझ्या कपाळावरची म्हशीच्या शिंगाची खूणसुद्धा पुसून टाकली आणि मागे कुठला तरी धबधबा लावला. रावेर तालुक्यात तसा धबधबा असता तर केळीला ठिबक कशाला लागलं असतं?

तू असतीस तर म्हणाली असतीस, "अशी गोरी मी लग्नातही नव्हती रे."

तुला जाऊन सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत तुझ्याबद्दल बरंच चांगलं बोललं गेलं. त्यातलं अर्धं कुणाच्याही आईबद्दल चालून गेलं असतं. मला तुझ्याशी बोलायचंय ते वेगळंच आहे. आणि ते कुठून सुरू करायचं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ठकीपासून.

मी तुझा धाकटा भाऊ. जळगावच्या कॉलेजात पस्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. तू चौथीपर्यंत शिकलीस. मराठी अक्षरं बोट ठेवून वाचायचीस, इंग्रजीच्या वाटेला जायची नाहीस. पण भावकीत कोणी काही छापील आणलं, विम्याचा कागद असो की औषधाची बाटली, तर तू म्हणायचीस, "थांबा, भाऊ येईल रविवारी, तो वाचीन." माझ्या वाचण्याचा मला नव्हता इतका अभिमान तुला होता. लग्नपत्रिकेतल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत देणारा माणूस म्हणून लोक मला टाळत. तू मात्र त्या पत्रिका जपून ठेवल्यास.

तुझं राज्य वेगळं होतं. गोठ्याच्या कोनाड्यात तुझी पत्र्याची पेटी असायची. हळद, तुरटी, कडुनिंबाचं तेल, जंताच्या गोळ्या, आणि ढोराच्या घशात औषध ओतायची ती सुई नसलेली मोठी सिरिंज. गल्लीतलं वासरू दूध ओढत नसलं की लोक आधी तुझ्याकडे येत आणि मग डॉक्टरकडे जात. तू वासराच्या तोंडात बोट घालायचीस, कान चाचपायचीस आणि सांगायचीस: घरी होण्यासारखं आहे, किंवा आत्ताच्या आत्ता रावेरला घेऊन जा. तुझं दुसरं वाक्य मी कधी चुकलेलं ऐकलं नाही. आपल्याला काय येत नाही हे तुला पक्कं माहीत होतं. मला ते कळायला पेन्शन सुरू व्हावी लागली.

दोन वर्षांपूर्वीचा पोळा. बैलजोडी विकून ट्रॅक्टर आल्यानंतरचा तिसरा. चौकात कुण्या भावी सदस्याचा फ्लेक्स लागला होता, 'बळीराजाच्या सख्याला वंदन'. त्यावर सदस्यांचे नऊ फोटो होते आणि सखा एकाही फोटोत नव्हता. तुझ्या अनिलने ट्रॅक्टर धुऊन त्याला झेंडूचा एवढा मोठा हार घातला होता की चालवताना पुढचं दिसेना. तू खापरावरच्या पुरणपोळीचा पहिला घास ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवलास आणि पुटपुटलीस, "खाय बाबा, तुह्या पोटात काय जाते ते तुलेच माहीत."

बैल नव्हते, पण तुझा नियम होता. पोळ्याच्या दिवशी घरातल्या एकाही जनावराची मान रिकामी राहायची नाही. गाईला नवी कंठी, म्हशीला नवा दोर, वासराला गोंडा. टिप्या कुत्र्यासाठी मी त्या वर्षी जळगावहून गोचिडांचा पट्टा आणला होता. कुत्र्याच्या मानेला सहा महिने बांधून ठेवायचा, गोचीड आपोआप गळतात, असं दुकानदाराने सांगितलं होतं. तसा तो पट्टा चांगला हातभर लांब. टिप्याच्या मानेला बसवून जादाचा भाग कापायचा असतो. अनिलने कात्रीने कापला.

टाकून द्यायचा तो तुकडा तू उचललास.

त्याला तू लाल लोकरीचा गोंडा शिवलास. सुईत दोरा मीच ओवून दिला. ठकी, तुझी राखाडी मांजर, केळीच्या पानांच्या ढिगावर पाय पसरून झोपली होती. घरात तिची एकटीची मान रिकामी होती. तू तिला मांडीवर घेतलंस आणि माझ्याकडे पाहिलंस.

"भाऊ, हे मांजरीले चालीन ना?"

"चालेल की."

"नही, त्या खोक्यावर काय लिहेल आहे ते वाचलं ना तू?"

"वाचलं गं."

मी वाचलं नव्हतं. चष्मा खिशात होता, खोकं खाटेवर होतं, माझ्यापासून दोन हातांवर. मी मनीषाला, तुझ्या सुनेला, त्या नऊ फोटोंच्या फ्लेक्सबद्दल काहीतरी गमतीचं सांगत होतो आणि तिला हसू येत होतं. तेवढ्यासाठी. तू दोनदा विचारलंस, अक्का. मी दोनदा उत्तर दिलं. यापेक्षा सरळ प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नसेल.

मग तू ठकीच्या गळ्यात तो तुकडा बांधलास, तिच्या कपाळाला हळदीचं बोट लावलंस, आणि मी फोटो काढला. सत्काराला बसलेल्या पुढाऱ्यासारखी दिसत होती ती: कंटाळलेली, आणि मानेत काहीतरी टोचतंय पण सांगता येत नाही अशी.

उन्हं कलायच्या सुमाराला मनीषा ओसरीवरून ओरडली. ती धुळ्याकडची, घाबरली की तिची माहेरची बोली बाहेर येते. "मामा, मांजर कशी करी राहिनी शे, देखा ना!"

ठकीच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. कान फडफडत होते, आपल्याआपण. पाठीवरची कातडी पाण्यावर वारा यावा तशी हलत होती. उठायला गेली तर मागचे पाय दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे गेले. तू तिला पदरात घेतलंस आणि गळ्यातला तुकडा ओढून काढलास, कुणी सांगायच्या आधी. हे मी नीट पाहिलंय आणि नीट लिहून ठेवतोय. नंतरच्या सगळ्या गोष्टीत हे कोणी सांगितलं नाही.

मग मी चष्मा लावला आणि खोकं वाचलं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, पण ठळक: फक्त कुत्र्यांसाठी. मांजरांना वापरू नये. शेजारी मांजराचं चित्र आणि त्यावर फुली. अक्का, फुली वाचायला चौथीसुद्धा लागत नाही. खोकं माझ्याऐवजी तुझ्याकडे असतं तर तुझ्या नजरेतून ती सुटली नसती.

रावेरच्या डॉक्टरीणबाईंना सुट्टीच्या दिवशी फोन लावला. मी 'विषबाधेची लक्षणं' वगैरे सुरू केलं तर त्यांनी मला मध्येच तोडलं.

"सर, गळ्यातलं काढलं का?"

"काढलं."

"आता भांडी घासायचं लिक्विड घ्या. कोमट पाणी, गरम नको. मानेपासून सगळी धुवा, लगेच. तेल लावू नका, दूध-तूप काही पाजू नका. पुसून, गोधडीत गुंडाळून माझ्याकडे या. मी दवाखाना उघडते. आणि कुत्र्याचाही पट्टा काढा, ती त्याच्या पोटाशी झोपत असणार."

त्यांना हे कसं कळलं देव जाणे. झोपायची.

तू परातीत बसवून तिला धुतलंस. तिने तुझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले. मांजर ती, शेवटच्या घटकेलाही पाण्याला विरोध करणार. तू एकदाही हात मागे घेतला नाहीस. "ओरबाड माय, ओरबाड," म्हणत होतीस, "जोर आहे तोवर ओरबाड."

गाडीत अनिल चालवत होता, तू मागे गोधडी घेऊन. ठकीला आता झटके येत होते. अनिल घाबरलेला, आणि घाबरलेला माणूस जवळच्याच माणसावर ओरडतो. "आई, तुले काय गरज होती? कुत्र्याचा पट्टा मांजरीले बांधते का कोणी? इतकी वर्षं ढोरं सांभायली आणि एवढंही कयत नही?"

मी पुढच्या सीटवर होतो. मांडीवर ते खोकं.

तू आरशातून माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. मग खाली गोधडीकडे पाहून म्हणालीस, "चुकलं माह्यं."

बाईंनी इंजेक्शनं दिली, ठकीला उबेत ठेवलं, आणि झटके थांबेपर्यंत आपल्याला बाकावर बसवलं. मांजराच्या शरीराला ते औषध पचवून बाहेर टाकता येत नाही, म्हणाल्या. कुत्र्याला जे चालतं ते तिला विष. तुकडा लहान असला म्हणून काय झालं, औषध त्याच्यातही तेच. अशा केसेस पाहिल्यात, आणि मांजरांसाठीच्या पट्ट्यानेही मान सोलवटलेल्या, जबडा पट्ट्यात अडकलेल्या मांजरी पाहिल्यात. बांधायचाच तर मांजराचाच, ओढ बसली की सुटणारा, आणि मान लाल दिसली की त्याच दिवशी काढायचा. तू सगळं ऐकलंस. मग विचारलंस, "बाई, धुतल्यानं जाते का सगळं?" त्या म्हणाल्या, "आजी, धुतलं नसतं तर इथपर्यंत आली नसती."

या एका वाक्यावर आपण दोन वर्षं भांडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकी स्वतःहून पाणी प्यायली. पंधरा दिवसांनी गळ्याभोवतीचे केस गेले, लाल कडं उमटलं, महिन्याभरात तेही भरून आलं. तुझं म्हणणं, ती साबणाने वाचली. माझं म्हणणं, सुईने. मी तुला वैद्यकीय कारणं द्यायचो, तू म्हणायचीस, "सुई तर मलेही दर महिन्याले टोचता. मी कुठं बरी झाली?" मी म्हणायचो, साबणाने अंगावरचं गेलं, अंगात गेलेलं सुईनेच आवरलं. तू म्हणायचीस, "आणि अंगावरचं धुतलं कोणी? तुह्या पुस्तकानं?" फोनवरसुद्धा. तब्येत कशी आहे विचारलं की तू सांगायचीस, "साबणानं धुऊन घेतली आज, बरी आहे." हा वाद मी हरलेलो नाही, एवढं तू नसतानाही सांगतो. तू जिंकलेलीही नाहीस. दोन्ही लागलं होतं, आणि ते आपल्या दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण वाद चालू ठेवण्यात माझी एक सोय होती. कशाने वाचली यावर बोलत राहिलं की कशाने आजारी पडली यावर बोलायला नको.

घरात मात्र ते ठरून गेलं होतं. अनिलने तुझी पत्र्याची पेटी उचलून कपाटावर ठेवली, तुझा हात पोचणार नाही अशी. "आजपासून ढोरांच्या औषधाले हात नही लावायचा." गल्लीतलं कोणी वासरू घेऊन आलं तर तो दारातूनच हसून सांगायचा, "आईले नका विचारू बुवा, तिनं मांजर मारली असती." तो दुष्टपणे म्हणत नसे. त्याला ती गंमत वाटे. लोकही हसत. तूही हसायचीस. पण कोणी गाईला खुराक कालवायला लागलं की तू ओट्यावरून मान लांब करून पाहायचीस, आणि कोणी पाहतंय असं दिसलं की मान परत वळवायचीस. तुझ्या त्या मानेची हालचाल मी दर रविवारी पाहिली. दर रविवारी ठरवून यायचो की आज अनिलला सांगायचं. चहा व्हायचा, केळीच्या भावावर बोलणं व्हायचं, पावणेसहाची बस यायची.

एकदाच आपण त्याबद्दल बोललो. मुक्ताईच्या देवळाबाहेर, चपला शोधताना. मी म्हणालो, "अक्का, तू अनिलला का सांगत नाहीस की मला विचारून बांधला होता?"

तू चप्पल सापडल्यावर बोललीस. पाय घालत, खाली पाहत.

"काय सांगू? माह्या भावानं न वाचता सांगितलं म्हणून? तो माह्या पोटचा आहे रे. तो बोलला तर मले पचते. तुले नही पचायचं."

"मग मी सांगतो."

"सांग ना," तू म्हणालीस. "मी कुठं तुह्या तोंडाले हात लावला?"

आणि पुढे चालायला लागलीस. मला त्या वेळी वाटलं की तू मला सूट दिलीस. आता वाटतं, तू मला काम दिलं होतंस. माझ्यासारख्या वाचणाऱ्याला एक साधं वाक्य दोन अर्थांनी लावता आलं, आणि मी सोयीचा अर्थ घेतला.

परवा गंधमुक्ती झाली. कपाळाला गंध लावून सुतक संपवायचं, जेवायचं, पांगायचं, इतकाच तो विधी. पण हल्ली त्यात माईक आला आहे. पोळ्याच्या फ्लेक्सवरच्या नऊपैकी दोन आले होते. पहिल्याने तुला 'मातृशक्तीचा वटवृक्ष' म्हटलं. दुसऱ्याला वटवृक्ष आधीच वापरला गेल्यामुळे अडचण झाली. तो 'दीपस्तंभा'वर गेला. समुद्र पाहायला तू एकदाच गेली होतीस, आणि पाणी खारट आहे म्हणून रागावून परत आलीस. मग कोणीतरी म्हणालं, "मामा दोन शब्द बोलतील, मामांचं वाचन दांडगं आहे."

मी उठलो. ठकीची गोष्ट सांगतो म्हणालो. लोक खुर्च्यांत सैलावले, हसायच्या तयारीने. त्यांना माहीत होती ती. अनिलसुद्धा टोपी सावरून किंचित हसला, रडून सुजलेल्या डोळ्यांनी.

मी सांगितलं: तिने मला विचारलं होतं. चालेल का, म्हणून. मी चालेल म्हणालो. मग तिने विचारलं, वाचलं का. मी वाचलं म्हणालो. मी वाचलं नव्हतं. खोकं माझ्यासमोर होतं. या गावात जनावराला काय द्यायचं आणि काय नाही हे तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. जे कळत नाही ते ती विचारायची, त्या दिवशीही तिने तेच केलं. चूक तिची नव्हती. माझी होती, आणि तिने ती दोन वर्षं आपल्या नावावर वागवली.

एवढंच. दोन मिनिटंही लागली नाहीत. माईक मी व्यवस्थित जागेवर ठेवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्यामुळे भाषण ऐकलं गेलं असावं असं मानायला जागा आहे. दीपस्तंभवाल्याने फोन काढून वेळ पाहिली. मागे बायकांत बसलेल्या मनीषाने तोंडाला पदर लावला.

अनिल मला गोठ्याशी गाठायला आला. गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग माझ्याकडे न पाहता बोलला.

"मामा, दोन वर्षं मी तिले गाईले मिठाचा खडा देऊ दिला नही."

"माहीत आहे."

"शेवटच्या महिन्यात म्हणत होती, वासराले जंताचं औषध दे, पोट वाढलं त्याचं. मी म्हटलं, तू गप बस. आणि पोट वाढलंच होतं."

आता त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही समोर बसेल होते. दर रविवारी."

"हो."

"का नही बोलले?"

त्याला मी खरं सांगितलं. वाचणारा माणूस म्हणून माझं जे नाव होतं, मला त्याची जास्त काळजी होती, म्हणालो. त्याने गाईच्या पाठीवरचा हात काढला. मला वाटलं मारतो की काय. मारलं असतं तर मी बाजूला झालो नसतो. पण त्याने मारलं नाही. "जा तुम्ही आता, मामा," म्हणाला. "मले तुमच्याशी आज नही बोलायचं." दरवेळी तो मला मोटारसायकलवर फाट्यापर्यंत सोडतो. या वेळी मी चालत गेलो.

तुझा मुलगा माझ्यावर रागावला आहे, अक्का. वर्षभर रागावलेला राहील, कदाचित जास्त. मी रविवारी परत जाणार आहे. तो बोलला तर ऐकीन, नाही बोलला तर ओट्यावर बसून येईन. चालताना मला वाईट वाटत होतं, आणि मान मात्र ताठ होती, हेही खरं आहे. तुझ्या बाजूने भांडणारं माणूस त्या घरात आहे, तुझ्याच पोटचं. ते आधीपासूनच होतं. त्याला भांडायला खरी गोष्ट हवी होती, आणि ती एकट्या माझ्याकडे होती.